काकाकुवा काठीने झाड बडवतो, याला वाजवणं म्हणायचं की नुसती ठोकाठोक?

ढोलवाला_गिरगाव
पथकाच्या ग्रुपवर कोणीतरी एक व्हिडिओ टाकला, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. काळा कुळकुळीत काकाकुवा, डोक्यावर हा एवढा तुरा, गालावर लालभडक चामडी, एका पायात काठी धरलीये आणि पोकळ खोडावर ठक, ठक, ठक, ठक. आणि मधलं अंतर बघा, सारखं आहे. ग्रुपवर सगळ्यांनी हसायच्या इमोजी टाकल्या आणि लगेच नाश्ता कोण आणणार यावर गाडी गेली, मला मात्र राहवेना म्हणून थोडं वाचलं, ते इथे टाकतोय. पक्षीवाली मंडळी आहेत इथे, त्यांनी भर घाला.

तर हा पाम कॉकॅटू. ऑस्ट्रेलियाचं उत्तरेकडचं टोक म्हणजे केप यॉर्क द्वीपकल्प, आणि तिथून समुद्र ओलांडला की न्यू गिनी, या भागात राहतो. उंचीला जवळपास दोन फूट, चोच अशी दणकट की कडक कवचाची फळं सहज फोडतो. वाजवण्याच्या नोंदी मात्र केप यॉर्ककडच्याच. नर आधी एक जिवंत फांदी चोचीने तोडतो, पानं नि बारीक डहाळ्या काढून टाकतो, मग कुरतडून हव्या त्या लांबीची करतो, साधारण वीतभर. काही जण काठीऐवजी ग्रेव्हिलिया नावाच्या झाडाचं टणक बोंड घेतात आणि त्याच्या कडा चोचीने तासतात. मग ते पायात धरून, बहुतेक वेळा डाव्या, ढोलीच्या कडेवर आपटायचं. म्हणजे वाद्य झाडाचं आणि टिपरू स्वतः बनवलेलं.

कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचे रॉबर्ट हाईनसॉन आणि त्यांची टीम यांनी २०१७ मध्ये पेपर छापला. १८ नरांची १३१ वादनं त्यांनी तपासली. हा पक्षी लाजाळू, माणूस दिसला की उडाला, त्यामुळे एवढं रेकॉर्डिंग जमवायला त्यांची वर्षं गेली. निघालं काय, तर ठोके वाटेल तसे पडत नाहीत, अख्ख्या वादनभर समान अंतराने पडतात. आणि प्रत्येक नराची स्टाइल वेगळी. कोणी जलद, कोणी संथ, एकजण तर आधी पटापट ठोके मारायचा आणि मग लयीत यायचा.

मला यात सगळ्यात भारी काय वाटलं सांगतो. हत्यार वापरणारे प्राणी आपण ऐकलेत, न्यू कॅलेडोनियाचे कावळे काडीला हूक करून अळ्या काढतात, समुद्री ऑटर दगडाने शिंपले फोडतात, पण सगळं पोटासाठी. हा गडी अर्धा वेळ हत्यार बनवण्यात घालवतो आणि त्यातून खायला काय मिळतं, तर काही नाही. आवाज मिळतो. माझ्या लेखी तो वादक आहे. बोला.

सीमा_ठाणे
बापरे मस्तच!! वाचतेय. व्हिडिओ कुठे बघायचा?

ढोलवाला_गिरगाव
सीमाताई, पाम कॉकॅटू ड्रमिंग टाका, पहिलाच येतो. हेडफोन लावून बघा, फोनच्या स्पीकरवर त्या ठोक्यातला पोकळपणा कळत नाही.

मुलुंडकर_काका
उत्साह आवडला पण जरा थांब. आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या उंबरावर तांबट बसतो, उन्हाळ्यात दिवसभर टुक टुक टुक टुक, त्याच्यावर घड्याळ लावून घ्यावं इतकं नेमकं. त्याला कोणी वादक म्हटलं नाही. सुतार पक्षीही ठोकतोच की. ऑस्ट्रेलियातल्याने ठोकलं की पेपर आणि मुलुंडच्या पक्ष्याने केलं की कटकट, हे नेहमीचंच आहे.

पक्षीवेडी
काका, मुलुंडच्या तांबटावर अन्याय नको म्हणून सांगते, तो चोच बंद ठेवून घशातून आवाज काढतो, गळा फुगतो बघा प्रत्येक टुकला. दुर्बीण असेल तर समोरून बघा, मस्त दिसतं. तांब्याच्या भांड्यावर ठोकल्यासारखं वाटतं एवढंच, ठोकत काही नाही. म्हणजे ते गाणं झालं.

सुताराची गोष्ट मात्र खरंच जवळची आहे. नॅशनल पार्कात, बोरिवलीच्या गेटने आत गेलं की सकाळी कधीतरी तो ट्रर्रर्र ऐकू येतो. खाण्यासाठी टोचतो तेव्हा आवाज तुटक, कसाही येतो. पण हद्द सांगायला किंवा जोडीदारासाठी वाजवतो तेव्हा वाळकी, पोकळ, घुमणारी फांदी शोधतो, आणि प्रत्येक जातीचा वेग आणि लांबी ठरलेली. परदेशात तर सुतार घरांच्या लोखंडी पन्हाळीवर आणि धुरांड्याच्या पत्र्यावर वाजवतात, कारण तिथे आवाज लांब जातो, घरातले लोक पहाटे वैतागतात ते वेगळं. २०२२ मध्ये तर असंही दिसलं की सुताराच्या मेंदूत या वाजवण्याशी जोडलेले भाग आहेत आणि ते गाणाऱ्या पक्ष्यांच्या गाण्याच्या भागांसारखे आहेत. म्हणजे सुताराचं वाजवणं हेच त्याचं गाणं, असं म्हणायला जागा आहे.

फरक एवढाच की सुताराचं टिपरू त्याच्या तोंडालाच लावलेलं आहे. ते निवडायचं नाही, बनवायचं नाही, हरवायचं नाही.

मुलुंडकर_काका
ठीक. तांबटाचा मुद्दा मागे घेत नाही पण बाजूला ठेवतो.

तबला_दादर
मूळ प्रश्नावर बोलतो, कारण वादक हा शब्द जरा सांभाळून वापरावा असं मला वाटतं.

समान अंतराने ठोके पडणे ही लय. ती पक्क्या लयीची असेल, मान्य. पण ताल म्हटलं की आवर्तन आलं. तीनताल घ्या, १६ मात्रा, पहिल्या मात्रेला सम, नवव्याला खाली, आणि फिरून परत समेवर. ऐकणाऱ्याला कळतं की आपण कुठे आहोत आणि कुठे पोचणार आहोत, म्हणून तर मैफिलीत समेवर आल्यावर माना डोलतात. या काकाकुव्याच्या ठोक्यांना वजनच नाही. कुठला ठोका मोठा, कुठला छोटा, कुठे रिकामी जागा, असं काही दिसत नाही. मी व्हिडिओ क्लासला येणाऱ्या पोरांना ऐकवला. एकाने लगेच बोटांवर मात्रा मोजायला घेतल्या आणि समेची वाट बघत बसला. आलीच नाही.

तरी एक गोष्ट मात्र मला मान्य करावीच लागेल. नुसती लय धरून ठेवणं सोपं नसतं. नवीन विद्यार्थी आला की पहिले काही महिने त्याचं एकच काम, पळू नकोस. सगळे पळतात. हा पक्षी पळत नाही.

ढोलवाला_गिरगाव
सर, पळू नकोस हे आमच्याकडे ताशेवाले दिवसातून शंभरदा ओरडतात :) मिरवणुकीत गर्दी वाढली की आपोआप हात जलद व्हायला लागतो.

समेचं म्हणणं पटतं. पण मग एक विचारतो, पहिला माणूस ज्याने पोकळ ओंडक्यावर काठी मारली त्याच्याकडे तरी तीनताल कुठे होता? आधी सारखं अंतर आलं असणार, आवर्तन नंतर.

तबला_दादर
तो माणूस एकटा मारत नसणार, हा माझा अंदाज. लोक नाचत असतील, टाळ्या वाजवत असतील, काहीतरी ओढत असतील. लयीची गरजच मुळात दुसऱ्याबरोबर जुळवायला लागते. तुझ्या पथकात शंभर ढोल एकत्र पडतात ते का, कारण सगळ्यांना एका जागी पडायचंय. हा पक्षी कोणाबरोबर जुळवतोय?

पक्षीवेडी
सर, अगदी याच जागी पेपरवाल्यांनीही बोट ठेवलंय. डार्विनचं मत होतं की संगीताचं मूळ जोडीदाराला रिझवण्यात असावं. आणि दुसऱ्या बाजूचे म्हणतात की नाही, ठेका हा समूहासाठी. आता काकाकुवा एकटाच वाजवतो, तेही बऱ्याचदा मादी जवळ असताना, तुरा उभा करून, पंख पसरून, गाल लाल करून, मध्ये मध्ये शिट्टी मारत (त्याची एक हाक चक्क हॅलो म्हटल्यासारखी ऐकू येते, खरंच). समूह वगैरे काही नाही. म्हणजे सारखी लय एकट्याच्या वादनातूनही येऊ शकते, पाठीमागे नाचणारी गर्दी लागतेच असं नाही, असा त्यांचा मुद्दा आहे.

आणि जुळवण्याचं म्हणाल तर काकाकुव्यांच्याच कुळात तेही आहे. अमेरिकेत स्नोबॉल नावाचा पिवळ्या तुऱ्याचा पाळीव काकाकुवा आहे, २००९ मध्ये त्याच्यावर प्रयोग झाला, गाण्याचा वेग कमीजास्त केला तरी त्याने बऱ्याचदा डोकं हलवून ठेका धरला. पण तो वाजवत नाही, नाचतो. आणि पाम कॉकॅटू वाजवतो पण दुसऱ्याच्या तालावर नाही. दोन्ही एकाच पक्ष्यात असतं तर आत्ताच लेझीम पथक काढलं असतं.

मुलुंडकर_काका
हसतोय, पण माझी शंका अजून तशीच आहे. चिंपांझी झाडांच्या मुळांवर हातापायांनी बडवतात हे मी स्वतः डॉक्युमेंटरीत पाहिलंय. पश्चिम आफ्रिकेत तर झाडावर दगड फेकतात, आवाज होतो, झाडाखाली दगडांचा ढीग साठतो. मग काकाकुवा एकटाच कसा?

पक्षीवेडी
एकटा नाही म्हणूनच मजा आहे. चिंपांझींवर २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासात पश्चिमेकडच्यांचे ठोके समान अंतराचे आणि पूर्वेकडचे एक लहान एक मोठं अंतर असे वाजवतात असं दिसलं. तबला सरांना हे आवडेल. पण ते हातपाय. दगडफेकीत वस्तू वापरली, पण दगड उचलला तसा मारला, तासला नाही, आणि त्यात ठेका नाही. काकाकुव्यात तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, वस्तू घडवणं, ती आवाजासाठी वापरणं, आणि सारखी लय.

आणि काका, तुम्हाला देशी उदाहरण पाहिजे होतं ना, घ्या. आपल्याकडे झाडावर राहणारा एक रातकिडा आहे, इकँथस हेन्री. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या लॅबने यावर बरीच वर्षं काम केलंय. नर पानाच्या मधोमध भोक कुरतडतो आणि त्यात अंग अडकवून पंख घासतो. पान होतं कर्ण्यासारखं, आवाज वाढतो. आणि हे कोण करतं, तर जे नर लहान किंवा ज्यांचा आवाज बारीक, ते जास्त करतात. मोठ्या आवाजाच्या नरांना गरज पडत नाही. २०२० चा अभ्यास आहे.

मुलुंडकर_काका
हे मात्र जबरा आहे! म्हणजे ज्याचा गळा बारीक त्याने माइक घेतला. पटलं. आता मला काकाकुव्यापेक्षा हा किडाच जास्त आवडायला लागलाय.

चाळीतला_बाळ्या
माझा प्रश्न साधा आहे. आमच्या लालबागच्या खोलीच्या खिडकीवर रोज सकाळी कावळा येतो आणि काचेवर चोच आपटतो. ठक ठक, थांबतो, परत ठक ठक. आई म्हणते पाहुणे येणार. रोज येणार का पाहुणे? हा पण वाजवतोय का?

पक्षीवेडी
बाळ्या, तो काचेत स्वतःला बघून दुसरा कावळा समजतोय, भांडण चाललंय. काचेला बाहेरून कागद किंवा जुनी साडी लाव, थांबेल. आईला सांग पाहुण्यांची भीती नाही.

सीमा_ठाणे
मी दोन-तीनदा पाहिला व्हिडिओ. काठी वाजवून झाली की तिचं काय करतो? जपून ठेवतो का पुढच्या वेळी?

ढोलवाला_गिरगाव
नाही ताई, आणि हाच भाग मला सगळ्यात जास्त आवडला. बऱ्याचदा झाडाखाली टाकून देतो, पुढच्या वेळी नवीन. म्हणून तर संशोधकांचं फावलं, झाडाखाली जाऊन काठ्या गोळा करायच्या. कधी कधी वाजवून झाल्यावर तीच काठी चोचीने चिरून तिच्या बारीक ढलप्या ढोलीत टाकतो, अंडं त्यावरच ठेवतात. म्हणजे आधी टिपरू, मग गादी.

२०२३ मध्ये त्यांचा पुढचा पेपर आला. ७० झाडांखालून २५६ वस्तू गोळा केल्या, बहुतेक काठ्या, दहातली एखादी बोंडाची. मोजून बघितल्यावर कळलं की प्रत्येक नराची आवड ठरलेली आहे. कोणाला लांब बारीक लागते, कोणाला आखूड जाड, कोणी फक्त बोंड वापरतो. आणि शेजारच्याची आवड आपल्यासारखी असेल असंही नाही, म्हणजे एकमेकांचं बघून हे ठरत नाही असं दिसतं. मला वाटलं होतं की वस्तीवस्तीची घराणी असतील, दादरवाले असं वाजवतात आणि गिरगाववाले तसं. तसं काही नाही, ज्याचा तो.

आमच्या पथकात हेच आहे. ढोल कोणाचाही चालतो, पण टिपरू दुसऱ्याचं घेतलं की भांडण. एक दादा आहेत, त्यांच्या टिपराच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते, आणि ती पट्टी कुठून सुरू होणार हे सुद्धा ठरलेलं. वजन एवढंसं बदललं तरी म्हणतात मनगट बिघडलं. कोणी शिकवलं त्यांना? कोणी नाही, वाजवता वाजवता हाताला सापडलं.

तबला_दादर
हे वाचून मात्र माझं मत जरा हललं. तबलजी हातोडी दुसऱ्याला देतो, तबला देत नाही, तुमच्यात उलटं दिसतंय. पण मुद्दा असा की, आवाजासाठी साधन निवडून त्यात स्वतःची पसंती ठेवणं हे मला ठोक्यांच्या समान अंतरापेक्षा मोठं वाटतं. समान अंतर यंत्रही देतं. आवड यंत्राला नसते. वादक म्हणा, माझी हरकत गेली. तालाचं म्हणणं मात्र कायम ठेवतो.

बर्डलव्हर_नवी_मुंबई
सुंदर पक्षी आहे, हा इकडे पाळायला मिळेल का? क्रॉफर्ड मार्केटला विचारू का? किंमत किती असेल साधारण?

पक्षीवेडी
प्लीज नको. पाम कॉकॅटू साईट्स (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) मध्ये परिशिष्ट एक मध्ये आहे, म्हणजे जंगलातून पकडलेल्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंदच. आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही साईट्समधल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली, ते बाळगायचे तर नोंदणी लागते. कोणी गुपचूप देतो म्हणाला तर तिथेच समजून जा.

कायदा सोडा, या पक्ष्याचं गणितच वेगळं आहे. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही दरवर्षी नाही. पिल्लं जगतात कमी. केप यॉर्कला अभ्यासकांनी हिशेब काढला तर एका जोडीला एक पिल्लू उडवायला सरासरी १० वर्षांच्या आसपास लागतात. आयुष्य लांब आहे म्हणून चाललंय. त्यात घरट्याला मोठी पोकळ झाडं लागतात, ती व्हायला शंभरेक वर्षं, वाळवी, आग, वादळं असं सगळं लागतं. आणि तीच झाडं चुकीच्या वेळी लागलेल्या आगीत आणि बॉक्साइटच्या खाणींसाठी जातात. तेव्हा एक जोडी कमी झाली म्हणजे एक ढोली, एक टिपरू, एक स्टाइल गेली, आणि ती स्टाइल दुसऱ्या कोणाकडे नाही हे वरती ढोलवाल्यांनी सांगितलंच.

बर्डलव्हर_नवी_मुंबई
ओके ओके, एवढं माहीत नव्हतं. विचारणार नाही.

मुलुंडकर_काका
तू लव्हबर्डसुद्धा घेऊ नकोस बाबा, तुझ्या नावावरून भीती वाटते.

सीमा_ठाणे
सगळं पटलं, पण मादीचं कोणी बोललं का? तो एवढी काठी तासतो, तुरा उभा करतो, गाल लाल करतो, ती काय करते?

पक्षीवेडी
ताई, जवळ बसून बघते. कधी कधी त्याच्याबरोबर ती पण डोलते. पण जलद वाजवणाऱ्याला जास्त पसंती की लांब काठीवाल्याला, हे कुठे वाचनात आलेलं नाही माझ्या.

सीमा_ठाणे
म्हणजे बघून ठेवलंय, उत्तर दिलेलं नाही. ओळखीचं वाटतंय.

ढोलवाला_गिरगाव
ताई :D

मुलुंडकर_काका
ढोलवाल्या, एक काम कर, रविवारी सरावाला तो व्हिडिओ स्पीकरवर लाव आणि ताशेवाल्यांना त्याच्यावर ठेका धरायला सांग. पळतात का बघू.

ढोलवाला_गिरगाव
काका, पळणारच. पैज नको.